खाडीकाठी स्वतःची छोटी मोटरबोट : घ्यावी का, आणि घेतल्यावर काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली नोकरी संपवून तुम्ही गुहागर तालुक्यात, धोपाव्याजवळ आजोळच्या घरी राहायला आलात. परसाच्या खालीच दाभोळची खाडी. वेलदूरला एक १७ फुटी फायबरची बोट २५ एचपीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड (पिछाडीला बाहेरून टांगायच्या) इंजिनासकट विकायला आहे. ती घ्यावी का, आनंद जास्त की कटकट जास्त, आणि पहिल्या वर्षात काय काय बिघडतं?

मी समोरच्या काठावर, दाभोळच्या बाजूला राहतो. आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे आणि स्वतःची छोटी बोट बरीच वर्षं वापरतो आहे. माझं उत्तर: बोट जरूर घ्या. फक्त पहिलं वर्ष खाडीतच काढा, मुखाबाहेर जाऊ नका. आणि इंजिनाचा अभ्यास सुरू करण्याआधी पाण्याचा करा.

हे शेवटचं वाक्य नवे मालक फारसं मनावर घेत नाहीत. बोट घेतली की सगळे इंजिनाबद्दल विचारतात, कंपनी कोणती, एचपी किती, पळते किती. पण माझ्याकडे आलेल्या आणि दुसऱ्याच्या बोटीला बांधून ओढत आणलेल्या बोटींची कारणं मागे मागे शोधत गेलं, की बहुतेक वेळा तीनच ठिकाणी पोचायला होतं. भरती-ओहोटी न बघता निघणं, टाकीत पाणी मिसळलेलं पेट्रोल, आणि धक्क्याला आखूड बांधलेला दोर. तिन्ही गोष्टी काठावरच घडतात. भर समुद्रात काही व्हायच्या आधीच ठरलेल्या असतात.

भरतीपासून सुरुवात करतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, एका भरतीपासून पुढची साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे रोज भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. शाळेत पाऊणकी पाठ केली असेल तर ती आता कामाला येईल. पक्षातली तिथी घ्यायची आणि पाऊणने गुणायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला भरती, बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. हा हिशेब आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना कॅलेंडरकडे नुसतं बघून येतो आणि तो खाडीच्या मुखापाशी चांगला जुळतो. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकं बघा, मोबाइलवरही मिळतात. पण पाऊणकी शिकाच. ती यायला लागली की सकाळी उठल्या उठल्या पाणी आत्ता कुठे असेल हे आपोआप डोक्यात येतं. बोटवाल्याला ते यायलाच हवं.

दोन गोष्टी त्या हिशेबात दिसत नाहीत. एक, खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. दाभोळला पाणी उतरायला लागलेलं असतं तेव्हा वर चिपळूणजवळच्या गोवळकोटकडे ते अजून चढत असतं. दुसरी, पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत-उतरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात थोडं, मधल्या दोन तासांत सगळ्यात जास्त. एकूण चढावाचे बारा भाग धरले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग पडतात. म्हणून ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात खाडीला जी ओढ असते ती छोट्या इंजिनाची परीक्षा बघते, आणि चिखलावर बोट टेकायची असली तर तेव्हाच टेकते, बघता बघता.

उंचीचंही भान ठेवा. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, मालवणला दोन मीटरच्या आसपास. आपण मध्ये आहोत. पण अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत हाच चढाव निम्म्यावर येतो. याचा अर्थ बोटवाल्याच्या भाषेत असा, की उधाणाच्या भरतीला ज्या कोपऱ्यात सहज शिरलात तिथून दुसऱ्या दिवशी बाहेर पडता येईलच असं नाही. इथे एका कुटुंबाने पौर्णिमेच्या भर भरतीला तिवरांमधल्या एका पऱ्यात (ओहोळात) बोट नेली. जेवणं होईपर्यंत पाणी गेलं आणि बोट चिखलात बसली. रात्रीची भरती आली ती चार बोटं कमी, पुढची त्याहून कमी. शेवटी अमावास्येच्या उधाणाला बोट सुटली. पंधरा दिवस ती तिथेच तिरकी पडून होती आणि इंजिन खांद्यावर घेऊन चिखलातून काढावं लागलं. म्हणून अनोळखी जागी चढत्या पाण्यातच जायचं. टेकलात तरी पुढचं पाणी उचलून देतं.

याच कारणाने मुखाकडे निघताना ओढीविरुद्ध जा. इंजिन बंद पडलं तर ओढ तुम्हाला घराकडे आणेल. ओहोटीबरोबर मजेत मुखाकडे गेलात आणि तिथे इंजिन थांबलं, तर ओढ तुम्हाला मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांत नेऊन सोडते. आणि इंजिन थांबलं की पहिला हात नांगराला गेला पाहिजे. इंजिनाचं झाकण नंतर उघडायचं. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी बहुतेक जण आधी इंजिन चालू करायची दोरी ओढत बसतात, दहा-वीस वेळा, आणि तेवढ्यात बोट दोन-तीनशे मीटर वाहून गेलेली असते. नांगर मोकळा, दोर गुंता न होता वेटोळा करून नाळेजवळ (बोटीच्या पुढच्या टोकाशी), आणि दोर खोलीच्या निदान पाचपट. खाली दोन हातभर साखळी असेल तर चिखलात नांगर नीट धरतो. दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं आहे ना हे बघा. न बांधलेला नांगर टाकून मोकळी झालेली माणसं मी पाहिली आहेत.

धक्क्याचा दोर ही तिसरी जागा. भर भरतीला बोट आखूड बांधून घरी जेवायला गेलात की सुकतीला ती धक्क्याला लोंबकळते. नाळ वर, पिछाडी खाली, आणि इंजिनाचं डोकं खाऱ्या पाण्यात. उलट सुकतीला आखूड बांधली तर भरती तिला दाबून पाणी आत घेते. दोर लांब ठेवा, पुढे-मागे दोन्ही बाजूंनी बांधा. जमल्यास परसाखाली खाडीत थोडी बाहेर नांगरून ठेवा आणि जाण्या-येण्याला एक छोटी वल्ह्याची होडी ठेवा. काठाच्या दगडांवर घासण्यापेक्षा ते कितीही बरं.

आता इंजिन. टू-स्ट्रोक आउटबोर्ड हे साधं, दणकट यंत्र आहे. त्याला तीन गोष्टी मारतात: मीठ, शिळं पेट्रोल आणि कोरडं चालवणं.

मिठाचा उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि कंटाळा सगळ्यांना येतो. समुद्रातून किंवा खाडीतून आलात की इंजिन गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचं. परसात एक २०० लिटरचं पिंप आणि इंजिन टांगायला लाकडी घोडा एवढं पुरतं. थंड करणारं पाणी ज्या वाटांनी फिरतं तिथे मीठ साचलं की वाट आतून बुजते, आणि ते बाहेरून कळत नाही. खाली पाण्यात राहणाऱ्या भागावर जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. तो झिजण्यासाठीच असतो, म्हणजे ॲल्युमिनियम वाचतं. पुष्कळ जण इंजिन रंगवताना त्या जस्तालाही रंग देतात. त्याने तो निरुपयोगी होतो. तो उघडाच ठेवायचा आणि निम्मा झिजला की बदलायचा.

पेट्रोलची कटकट अलीकडे वाढली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडच्या हवेत ओलीला काय तोटा. टाकी अर्धी भरून महिना-दीड महिना पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बसतो. टाकीतली नळी तळातूनच ओढते. मग बोट धक्क्यावरून झोकात निघते, कार्ब्युरेटरमधलं चांगलं पेट्रोल संपेपर्यंत चालते आणि बरोबर खाडीच्या मध्यावर थांबते. संशय आला तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढा आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बाद. लागेल तेवढंच पेट्रोल आणा, टाकी आणि इंजिनामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, आणि आठवडाभर बोट निघणार नसेल तर नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आणि दाबायचा फुगा इथेनॉलने नरम होऊन चिरतात. घेतल्या घेतल्या त्या बदलून टाका, फार खर्च नाही.

तेलाचं प्रमाण कंपनीच्या पुस्तकात असेल ते. बऱ्याच टू-स्ट्रोकना पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलीलिटर. "थोडं जास्त घातलं तर बरं" हा समज सोडा, त्याने प्लग काळा होतो. तेलही बोटीच्या इंजिनाचंच वापरा, स्कूटरचं नाही. दोघांचं काम वेगळ्या तापमानात चालतं.

कोरडं चालवण्याचं उदाहरण मात्र जवळून बघा. गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर एक इंजिन आलं. तक्रार अशी की दहा मिनिटं चालतं, गरम होतं, आवाज बदलतो, बंद पडतं. इंजिनाच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. ती म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय याची खूण. या इंजिनाची धार थेंब थेंब येत होती. खालचा पाय उतरवला, पंपाचं झाकण काढलं. आत रबराचा इम्पेलर असतो, बोटभर रुंद, पाच-सहा पात्यांचा. दोन पात्या मुळापासून तुटलेल्या, बाकीच्या एका बाजूला वाकून तशाच ताठरलेल्या, आणि झाकणाच्या आतल्या पत्र्यावर नखाला लागतील असे ओरखडे. ओरखडे वाळूचे होते, बोट दांड्यावरून रेटत नेली होती. पात्या गेल्या त्या जमिनीवर, गिऱ्हाइकाला "बघा, एका झटक्यात चालू होतं" असं दाखवताना. पाण्याशिवाय तो रबर अर्ध्या मिनिटातही जळू शकतो. नवीन इम्पेलर घालून लगेच झाकण लावायचं नसतं. तुटलेले तुकडे शोधावे लागतात. एक नळीतच सापडला, दुसरा वर थर्मोस्टॅटच्या तोंडाशी जाऊन बसला होता. तो तिथेच राहिला असता तर महिन्याभरात इंजिन पुन्हा आलं असतं, आणि तेव्हा कदाचित पिस्टन जाम होऊनच. इम्पेलर दर वर्षी बदला, खराब झाला नसेल तरी. आणि बोट चालवताना दर काही मिनिटांनी मागे वळून ती धार बघायची सवय लावा.

बरोबर काय ठेवायचं ते सांगतो: दोन प्लग आणि पाना, चालू करायची जादा दोरी, पंख्याची (प्रोपेलरची) पिन, धारदार सुरी, वल्ही. वल्ही दोन. एका वल्ह्याने १७ फुटी बोट गोल फिरते. पाणी उपसायला डबा दोरीने बांधून ठेवा. आणि बोट पाण्यात सोडण्याआधी पिछाडीचं बूच लावलंय का हे हात लावून बघा, डोळ्यांनी नाही.

एका गोष्टीवर मी आग्रहीच आहे. इंजिनाजवळ एक लाल पिळदार दोरी असते, तिचं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचं. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. दोरी लावलेली नसेल तर हँडल सुटल्यावर बोट स्वतःभोवती गोल फिरत पडलेल्या माणसाच्या अंगावर परत येते, पंखा चालू असलेली. ही दोरी हँडलला गुंडाळून ठेवलेली बोट दिसली की मला राहवत नाही, मी बोलतोच. लाइफ जॅकेटही अंगात हवं. फळीखाली ठेवलेलं जॅकेट बोट उलटल्यावर हाताला लागत नाही. पोहता येणाऱ्यांनीही घालावं, कारण खाडीच्या ओढीत पोहणं आणि विहिरीत पोहणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की आनंद कुठे आहे. तो सांगायलाच हवा, कारण त्याच्यासाठीच हे सगळं.

मार्गशीर्ष-पौषात सकाळी सातला धोपाव्याहून चढत्या पाण्याबरोबर निघा. त्या वेळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी सपाट, थंडी बऱ्यापैकी. अर्ध्या वेगात आत जात राहा. काठाला तिवरं, त्यांच्या मुळांत बगळे, एखादा समुद्री गरुड उंच झाडावर. परचुरी-मालदोलीच्या पट्ट्यात पोचलात की इंजिन बंद करा आणि भरतीबरोबर वाहत जा. सुकतीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या काठावर मगरी उन्हाला येतात. लांबून ओंडका वाटतो आणि मग तो ओंडका पाण्यात सरकतो. तिथे पाण्यात हात-पाय घालू नका आणि बोट त्यांच्या जवळ नेऊ नका, एवढं पाळलं की भीतीचं कारण नाही. दुपारी पाणी फिरलं की ओहोटी तुम्हाला घरी आणते. जाता-येता दोन्ही वेळा पाणी तुमच्या बाजूने, दिवसभरात पेट्रोल किती कमी लागलं हे बघून आश्चर्य वाटेल. भरतीचं वेळापत्रक पाळायला शिकलेल्या माणसाला खाडी असं बक्षीस देते, आणि ते दर वेळी मिळतं.

याच वाटेने एके काळी गोवळकोटपर्यंत व्यापार चालायचा, मुंबईच्या आगबोटी दाभोळला लागायच्या. आज २००३ पासून फेरीबोट आहे म्हणून दाभोळ-धोपावे हे अंतर गाडीसकट पार होतं, नाहीतर चिपळूणवरून वळसा. पण स्वतःच्या बोटीने पलीकडे जाऊन मासळी घ्यायची, नातेवाइकांकडे पाण्याच्या वाटेने जायचं, संध्याकाळी घरच्या पोरांना सुकाणू धरायला शिकवायचं, यातलं सुख वेगळं आहे. घर रस्त्याच्या टोकाला आहे असं तुम्हाला आज वाटत असेल. बोट आली की ते मध्यावर येतं. शेजारी मागायला येतील, रात्री-अपरात्री कोणाला पलीकडे पोचवायचं असेल. नाही म्हणू नका, पण जॅकेट मोजूनच माणसं घ्या. पैसे घेऊन पर्यटक मात्र बसवू नका, त्याला वेगळा परवाना आणि तपासणी लागते.

गावाशी संबंधाची आणखी एक बाजू म्हणजे जाळी. खाडीत खुंट्यांना बांधलेली जाळी असतात, तरंगती जाळी असतात, खुणेला कधी बोया, कधी नुसती प्लॅस्टिकची बाटली. दोन बोया दिसल्या की मध्ये जाळं आहे असंच धरा आणि बाहेरून वळसा घाला. तरी पंख्यात जाळं अडकलंच, तर इंजिन लगेच बंद करा, वर उचला, पंखा हाताने उलटा फिरवून सोडवायचा प्रयत्न करा आणि सुरी अगदी शेवटी चालवा. कापावं लागलं तर त्याच दिवशी मालक शोधून भरपाई द्या. वेलदूरच्या आणि दाभोळच्या खलाशांशी तुमचं पुढे कसं जमणार हे त्या एका दिवशी ठरतं. उद्या तुम्ही मुखाशी अडकलात तर ओढून आणणारा माणूस तोच असणार आहे.

मुखाबद्दल थोडं, कारण दुसऱ्या वर्षी तुम्हाला बाहेर जावंसं वाटेलच. अंजनवेलचं दीपगृह आणि गोपाळगड पाण्यावरून बघण्यासारखे आहेत, हिवाळ्यात बाहेर डॉल्फिन दिसतात. पण मुखावरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. गेल्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही, नकाशावर तर नाहीच. नारळी पौर्णिमेनंतर मच्छीमारांच्या बोटी कोणत्या रेषेने जातात ते चार-पाच दिवस काठावरून बघा, मग एखाद्या तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला) बरोबर घेऊन जा. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे जोराची ओहोटी बाहेर पडतेय आणि समोरून वारा किंवा फुगवटी, म्हणजे दुरून आलेल्या लांब लाटा, आत येतेय. दोन्ही भिडले की लाट उभी राहते, आखूड आणि खडी, आणि छोट्या बोटीच्या पिछाडीवरून आत येते. परतताना चढत्या पाण्यातच या. एलएनजीच्या (द्रवरूप नैसर्गिक वायूच्या) जेटीपासून आणि तिथल्या जहाजांपासून लांब राहा.

वाऱ्याचं घड्याळ सोपं आहे. सकाळी मतलई, नऊ-दहाच्या सुमारास थोडा वेळ शांत, मग समुद्राकडून खारा वारा सुरू. फाल्गुनापासून पुढे हा दुपारचा वारा वायव्येकडून जोर धरतो आणि दोननंतर १७ फुटी बोटीसाठी बाहेर काही काम नसतं. म्हणून पहाटे जा, अकराच्या आत या. पेट्रोलचा तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा राखीव. २५ एचपीचं टू-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला दहा-बारा लिटर पितं आणि नेहमीची टाकी २४ लिटरची असते, यावरून हिशेब करा.

निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. आकाश स्वच्छ असताना दूरच्या वादळाची फुगवटी येऊन धडकते, ती काठावरून कळत नाही. नोव्हेंबर २००९ मधलं फयान चक्रीवादळ आमच्याकडे लोक अजून विसरलेले नाहीत. पाऊस संपला, हंगाम सुरू झाला, बोटी बाहेर होत्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं परत आली नाहीत. घरी सांगून जा कुठे चाललात आणि किती वाजता येणार, आणि त्या वेळेनंतर तासाभरात फोन करायचा म्हणजे कोणाला. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. बाहेर जाणार असाल तर हातातला व्हीएचएफ रेडिओ घ्या, संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर द्यायची. डोंगराआड मोबाइलला रेंज जाते.

पावसाळ्याबद्दल मतभेदाला जागा नाही. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, पण छोट्या बोटीने जूनची वाट बघायची नसते. तौक्ते चक्रीवादळ २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यात आलं, निसर्ग ३ जून २०२० ला दापोली-मंडणगड झोडपून गेलं. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातल्या उधाणाच्या भरतीला बोट वर घ्या, ओंडक्यांवरून ओढत, भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर. बूच काढून, नाळ उंच करून, म्हणजे पावसाचं पाणी मागून निघून जाईल. झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारा, पण खाली वारा खेळू द्या. तळाला चिकटलेली कालवं आणि शेवाळ ओलं असतानाच खरवडा, वाळलं की दगड होतं. इंजिन घरात, उभं टांगून. पायातलं गिअर तेल काढून बघा, दुधासारखं पांढरं झालं असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. ते काम पावसाळ्यातच करून घ्या, भाद्रपदात आमच्याकडे रांग लागते.

आता ही विशिष्ट बोट. कागद आधी. ती मच्छीमार बोट म्हणून नोंदलेली असेल तर तुम्हाला फिरण्यासाठी तशीच वापरता येणार नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या दाभोळच्या बंदर कार्यालयात जाऊन नोंदणी कशी बदलायची ते व्यवहाराआधी विचारा. इंजिनाचा क्रमांक आणि बिल जुळतंय का बघा. मग बोट. पिछाडीची जी फळी इंजिनाचं ओझं धरते तिच्या आत बहुधा लाकूड असतं. लाकडी हातोडीने सगळीकडे ठोका. आवाज टणक यायला हवा. कुठे भद्द आला तर आतलं लाकूड कुजलंय, आणि ते काम महागडं आहे. इंजिन वर उचलून त्यावर जोर द्या, फळी हलता कामा नये. उन्हातल्या बारीक जाळीदार चिरांनी घाबरू नका, नाळेच्या खालच्या कण्याला गेलेली चीर मात्र गंभीर.

आणि २५ एचपी. माझं मत, तुमच्या वापराला १५ पुरे. खाडीत चार माणसं घेऊन पाच-सहा नॉट वेगाने जायला त्याहून जास्त लागत नाही. २५ चं वजन ५० किलोच्या आसपास, १५ चं बरंच कमी. तुम्हाला ते दर वेळी काढून परसात न्यायचं आहे, पिंपात चालवायचं आहे, पावसाळ्यात टांगायचं आहे. जे इंजिन दोघांना सहज उचलतं त्याची निगा राखली जाते, जे उचलत नाही ते पाण्यावरच राहतं आणि मिठाने जातं. मालक बोट आणि इंजिन वेगळं द्यायला तयार असेल तर फक्त बोट घ्या. नसेल तर २५ घेऊन वर्षभर वापरा, त्याला इथे गिऱ्हाईक मिळतं.

बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की आम्ही येण्याआधी इंजिन सुरू करू नका. गरम करून ठेवलेलं इंजिन कोणाच्याही हाताने सुरू होतं. झाकण काढून डोक्याला हात लावा, थंड आहे याची खात्री करा, मगच दोरी ओढायला सांगा. पाण्यात, पिंपात नाही, निदान अर्धा तास चालवा, आणि तो अर्धा तास ती पाण्याची धार बघत राहा. जमलं तर सुकतीची वेळ धरून जा. बोट पुळणीवर (काठच्या वाळूवर) टेकलेली असेल आणि तळ सगळा उघडा दिसेल.